खारकेचे रोप आणि न उमटलेली पट्टी

जून संपत आला की बडोद्याच्या हातगाड्यांवर लाल-पिवळी खारेक दिसू लागते. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे ती पाहून गोंधळतात. त्यांच्या लेखी खारीक म्हणजे सुकी, ओटीत पडणारी किंवा दुधात भिजवायची. आमच्याकडे खारेक म्हणजे ताजी, करकरीत, चावली की आधी जराशी तुरट आणि मग गोड लागणारी. ही बहुतेक कच्छमधून येते. फळ झाडावरच मऊ होऊन त्याचा खजूर बनेपर्यंत थांबायला तिथे वेळ नसतो. त्याआधीच पावसाळा दाराशी येतो आणि भिजलेले फळ फाटते, आंबते. म्हणून ते करकरीत असतानाच उतरवतात. २०२४ मध्ये या कच्छी खारकेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

गाडीवरचा प्रत्येक घड मादी झाडाचा असतो, हे मात्र खाताना आपल्या मनात येत नाही. खजुराच्या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी. नर झाड फुलते, पराग देते, पण त्याला फळ कधीच धरत नाही. आणि बी रुजवून वाढवलेले रोप नर आहे की मादी, हे ते फुलेपर्यंत बाहेरून कळत नाही. फुलायला पाच ते आठ वर्षे लागू शकतात.

सात वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्यापुढे आला. माझी एक मैत्रीण कच्छची. मुंद्रा तालुक्यात तिच्या वडिलांची खारकेची वाडी आहे. मी त्यांना काका म्हणते. त्या वाडीत त्यांच्या वडिलांच्या वेळचे एक जुने झाड आहे. त्याची पिवळी खारेक काका विकत नाहीत. ती घरात आणि सोयऱ्यांकडे जाते. एकदा खाल्ली की का विकत नाहीत ते समजते.

झाड म्हातारे झाले होते. खजुराच्या झाडाला तरुणपणी बुंध्याशी पिल्ले फुटतात. ती वेगळी करून लावली की आईसारखेच झाड मिळते. आई मादी तर पिल्लूही मादी. पण ही पिल्ले झाडाच्या पहिल्या काही वर्षांतच येतात, आणि या झाडाची पिल्ले कधीच वाटली गेली होती. टिश्यू कल्चरची रोपे बाजारात मिळतात, पण ती बारहीसारख्या नावाजलेल्या जातींची. काकांच्या झाडाला नावही नव्हते आणि त्याचा तुकडा कुठल्या प्रयोगशाळेत वाढत नव्हता. मग काकांनी त्याच्याच बिया रुजवल्या. मी गेले तेव्हा दीड वर्षाची चाळीस रोपे काळ्या पिशव्यांतून ओळीने उभी होती.

"बेटा, तू लॅबमध्ये काम करतेस ना? यातल्या माद्या कोणत्या, एवढं सांग. माझ्याकडे जागा वीस झाडांची. पाणीही तेवढंच."

हिशेब सरळ होता. बियांपासून आलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात. खजुरात परागीकरण हातानेच करतात, त्यामुळे एका नराच्या परागावर वीस-पंचवीस माद्यांचे काम सहज भागते. काकांच्या बांधावर तीन नर आधीच उभे होते. डोळे मिटून वीस रोपे लावली असती तर त्यांतली दहाएक नर निघाली असती. समुद्राजवळच्या त्या जमिनीत गोडे पाणी मोजून मिळते. ते सहा वर्षे त्या दहा झाडांना पाजायचे, आणि मग कुऱ्हाड लावायची.

प्रश्न सोपा, हिशेब सोपा. तरी मी लगेच 'हो' म्हटले नाही. त्याचे कारण एक पपईची बाग होती. पण त्याआधी थोडे झाडांविषयी.

नर-मादीचा हा भेद माणसाला फार जुना ठाऊक आहे, निदान खजुराच्या बाबतीत. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनमधल्या हम्मुराबीच्या कायद्यांत बाग परागीकरणासाठी माळ्याच्या हवाली करण्याचा उल्लेख येतो. नराचा फुलोरा मादीवर झटकला की फळ टिकते, हे ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व काळात लिहून ठेवले. पण वनस्पतींनाही लिंग असते, हे प्रयोग करून मांडायला १६९४ साल उजाडले; ते काम जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या कामेरारियस यांनी केले. उशीर होण्याचे एक कारण असे की बहुतेक झाडांत हा भेद दिसतच नाही. जास्वंदीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. नर-मादी झाडे पूर्ण वेगळी असणाऱ्या जाती सपुष्प वनस्पतींत शंभरातल्या पाच-सहाच. पण त्या थोडक्यांत आपल्या ओळखीचे बरेच आहेत: पपई, खजूर, कोकम, जायफळ, परवल, कंटोली.

फुलेपर्यंत थांबणे म्हणजे काय, याची एक गोष्ट मला फार आवडते. इस्राएलमधल्या मसादा या डोंगरी किल्ल्यावर १९६०च्या दशकात उत्खनन झाले, त्यात खजुराच्या बिया सापडल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या कित्येक वर्षे नुसत्या जपून ठेवलेल्या होत्या. २००५ मध्ये सारा सॅलन आणि एलेन सोलोवे या दोघींनी त्यांतली एक रुजवली, आणि ती चक्क उगवली. रोपाला नाव ठेवले मेथुसेलाह, म्हणजे बायबलमधला सर्वांत दीर्घायुषी पुरुष. आता या प्राचीन खजुराची चव कळणार म्हणून सगळे वाट पाहत राहिले. २०११ मध्ये झाड फुलले. नर निघाले. नाव अचूक ठरले, पण फळ काही मिळणार नव्हते.

नंतर त्यांनी आणखी सहा प्राचीन बिया उगवून दाखवल्या. त्या वेळी मात्र फुलण्याची वाट पाहावी लागली नाही. पानातल्या डीएनएवरून कोण नर, कोण मादी हे ठरवता आले. त्यांतल्या हॅना नावाच्या मादीवर मेथुसेलाहचा पराग घातला आणि २०२० मध्ये तिला फळे आली. पहिल्या वेळी सहा वर्षे गेली. दुसऱ्या वेळी पानाचा तुकडा पुरला. मधल्या काळात जे बदलले ती म्हणजे जनुकीय खूण.

ही खूण समजून घ्यायला धोबी आठवावा. पूर्वी धोबी कपड्याच्या कोपऱ्यात शाईने छोटी खूण करायचा. त्या खुणेमुळे सदरा सदरा होत नाही, की त्याचा रंग ठरत नाही. ती फक्त सांगते की हा कपडा अमक्या घरचा. जनुकीय खूण तशीच. झाड नर करणारे जनुक वेगळे असते. खूण म्हणजे त्याच्या शेजारचा डीएनएचा एखादा ओळखू येणारा तुकडा. खजुरात आणि पपईत माणसासारखीच व्यवस्था आहे: मादीत दोन एक्स, नरात एक एक्स आणि एक वाय. पिढ्यानुपिढ्या गुणसूत्रांची अदलाबदल होत असते, पण वाय गुणसूत्राच्या त्या विशिष्ट भागात ती थांबलेली असते. म्हणून कोपऱ्यातली खूण कपड्यापासून सुटत नाही. खूण सापडली म्हणजे नर सापडला.

ती शोधायची कशी, तर पीसीआरने. करोनामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. पानाचा इवलासा तुकडा वाटून त्यातला डीएनए काढायचा, आणि हव्या त्या तुकड्याच्या प्रती यंत्रात वाढवत न्यायच्या. प्रत्येक फेरीत दुप्पट. तीस फेऱ्या झाल्या की एकाच्या शंभर कोटींवर प्रती होतात. मग हे मिश्रण जेलीसारख्या पातळ थरात घालून वीजप्रवाह सोडायचा. तुकडे लांबीप्रमाणे पुढे-मागे सरकतात आणि खास दिव्याखाली चमकत्या पट्ट्या दिसतात. नराच्या रांगेत पट्टी असते. मादीच्या रांगेत नसते.

मी चुकले ते इथेच, या 'नसते'मध्ये.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला माझा प्रकल्प पपईवर होता. गुजरातेत मधुबिंदू ही पपई बरीच लावतात. तिच्यात नर-मादी झाडे वेगळी असतात. शेतकऱ्याची पद्धत अशी, की एका खड्ड्यात तीन रोपे लावायची. पाच-सहा महिन्यांत फुले आली की देठावर लांब लोंबणारे फुलांचे झुबके ते नर आणि खोडालगत एकेकटे जाड फूल ती मादी, अशी ओळख पटते. मग प्रत्येक खड्ड्यात एक मादी ठेवायची, परागासाठी दर दहा माद्यांमागे एखादा नर राखायचा आणि बाकी उपटायचे. गणित करून पाहा: तिन्ही रोपे नर निघण्याची शक्यता आठात एक, म्हणजे आठांतल्या सात खड्ड्यांत निदान एक मादी मिळते. पद्धत अडाणी नाही. पण बी, खत, पाणी तिप्पट लागते, आणि तीन रोपे एकमेकांच्या उरावर वाढतात.

रोपाचे लिंग आधी ओळखण्याच्या खुणा सांगणारेही भेटतात. कोणी म्हणतो मूळ सरळ गेले तर नर, फाटे फुटले तर मादी. कोणी पानावरून सांगतो. असे सांगणाऱ्याला अनुभवाचा दाखला असतोच, कारण निम्मी रोपे नर आणि निम्मी मादी असतील तर कुठलीही खूण निम्म्या वेळा बरोबर येते. जेवढ्या वेळा जमले तेवढे लक्षात राहते.

मी मात्र विज्ञान घेऊन गेले होते. बडोद्याजवळच्या एका शेतकऱ्याने मला शेताचा एक तुकडा दिला. मी शंभर रोपांची पाने तपासली. ज्यांच्या रांगेत पट्टी उमटली त्यांना नर म्हटले, ज्यांच्यात उमटली नाही त्यांना मादी. त्यांतली पंचेचाळीस मादी रोपे निवडून दिली, सोबत पाच नर. "एका खड्ड्यात एकच लावा," असे ठासून सांगितले. त्यांनी माझ्या शब्दावर तसे केले.

पाच महिन्यांनी त्यांचा फोन आला. येऊन बघ म्हणाले. माझ्या पंचेचाळीस माद्यांपैकी नऊ झाडांवर लांब लोंबते झुबके होते. नऊ नर.

ते रागावले नाहीत. एका नराच्या खोडावर हात ठेवून एवढेच म्हणाले, "तीन लावायचो तेच बरं होतं." त्या नऊ खड्ड्यांत त्या हंगामात काही पिकले नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले, कोणाशी बोलायला नको होते.

प्रयोगशाळेत त्या नऊ रोपांचा डीएनए शीतकपाटात शिल्लक होता. मी तो पुन्हा तपासला, या वेळी एका दुसऱ्या खुणेसह; ही खूण नर असो वा मादी, पपईच्या प्रत्येक रोपात उमटायलाच हवी. नऊपैकी एकातही ती उमटली नाही. म्हणजे या रोपांत नराची खूण नव्हती असे नाही. तपासणीच झाली नव्हती. पपईच्या पानात चीक असतो, आणि डीएनए नीट स्वच्छ झाला नाही तर त्यातली द्रव्ये पीसीआर बंद पाडतात. यंत्र फिरले, तास गेले, पण आत काहीच घडले नाही. रांग रिकामी राहिली आणि त्या रिकाम्या रांगेला मी मादी म्हणाले.

वाईट याचे वाटले की यावर उपाय आधीपासून उपलब्ध होता. हवाईच्या संशोधकांनी २००२ मध्ये पपईच्या लिंगासाठी ज्या खुणा प्रसिद्ध केल्या, त्यांच्यासोबत अशी सर्वांत उमटणारी खूणही दिली होती, ती याचसाठी. दोन्ही एकत्र लावायच्या. सर्वांची पट्टी आहे आणि नराची नाही, तरच मादी. सर्वांचीच नाही, तर उत्तर 'माहीत नाही'. मी रसायन आणि वेळ वाचवण्यासाठी ती दुसरी खूण गाळली होती. माझ्या वहीत 'माहीत नाही' असा रकानाच नव्हता.

म्हणून काकांच्या चाळीस रोपांपुढे मी गप्प झाले. पपईतली चूक पाच महिन्यांत कळली होती. खजुरातली चूक कळायला सहा वर्षे गेली असती, आणि तोवर काकांनी खऱ्या माद्या कुणाला तरी देऊन टाकल्या असत्या. मी त्यांना पपईची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "मग आता तरी तुला चूक कुठे होते ते माहीत आहे. कर."

खजुराच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या बाजूने होती. २०११ मध्ये कतारमधल्या संशोधकांनी खजुराच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि नरामध्येच जोडी वेगळी पडते, म्हणजे व्यवस्था एक्स-वाय अशी आहे, हे दाखवले. २०१३ पर्यंत अशा खुणा हाती आल्या की ज्यांत मादीलाही स्वतःची पट्टी असते. तो तुकडा एक्सवर एका लांबीचा आणि वायवर किंचित वेगळ्या लांबीचा असतो. मादीत दोन्ही एक्स, म्हणून एक पट्टी. नरात दोन पट्ट्या. रिकामी रांग म्हणजे फक्त बिघडलेली तपासणी. इथे मादी म्हणायला पट्टीचा अभाव लागत नाही. मादी स्वतः आपली हजेरी लावते. पट्ट्यांतला फरक बारीक असतो, त्यामुळे तो दाखवणारा जेल लागतो आणि डोळे फोडून बघावे लागते, पण मला ते चालणार होते.

आणखी तीन गोष्टी केल्या. काकांच्या बांधावरच्या एका नराचे पान घेतले आणि त्या जुन्या मादीचे, कारण उत्तर माहीत असलेली दोन झाडे रांगेत नसतील तर माहीत नसलेल्यांवर विश्वास कसा ठेवायचा? एक नळी नुसत्या पाण्याची ठेवली. तिच्यात पट्टी दिसली तर भेसळ झाली असे समजायचे. आणि प्रत्येक रोपाची पाने दोनदा, वेगवेगळ्या दिवशी आणून तपासली. दुसऱ्या वेळी कुठली पिशवी कोणत्या आकड्याची हे मला कळू नये म्हणून मैत्रिणीने स्वतःच आकडे टाकले आणि यादी लपवून ठेवली. दोन्ही वेळची उत्तरे जुळली तरच खरी धरायची, असे ठरले.

त्या दिवसांत घरी जेवताना हाच विषय असायचा. एकदा आजीने मध्येच विचारले, "अगं, हे कायद्यात बसतं का? दवाखान्यात तर पाटी लावलेली असते." आम्ही हसलो, पण तिचे चुकले नव्हते. 'लिंगनिदान' या शब्दाला आपल्याकडे काळा इतिहास आहे. पोटातल्या मुलींना त्यातून मारले गेले म्हणून १९९४ मध्ये कायदा करावा लागला. मी तिला सांगितले की तो कायदा माणसांसाठी आहे, रोपांसाठी नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे मुली ठेवतात आणि मुलगे उपटतात."

हेही सगळीकडे खरे नाही, असे मी तिला सांगितले. परदेशातून आता आपल्या मॉलमध्येही येणारी ॲस्परॅगस ही भाजी आपल्या शतावरीची नातलग. तिच्यात शेतकऱ्याला नर झाडे हवी असतात, कारण मादीची ताकद बिया-फळांत खर्च होते आणि कोंब कमी येतात. तिथे मादी नको. झाडात नर चांगला की मादी चांगली असे काही नसते. आपल्याला फळ हवे की कोंब, एवढाच प्रश्न असतो. आजी म्हणाली, "मग ठीक आहे. पण शब्द दुसरा वापरा." तेव्हापासून मी घरात 'रोपाची ओळख' म्हणते.

चाळीस रोपांचा निकाल असा आला: एकवीस नर, अठरा मादी. आणि एक माहीत नाही.

त्या एका रोपाचे पान पहिल्यांदा तपासले तेव्हा रांग रिकामी आली, दुसऱ्यांदा एक पुसट पट्टी दिसली. दुसरी होती की नव्हती, हे मला ठरवता येईना. तिसऱ्यांदा करून पाहायला पान आणायचे तर रोपाला तेवढीच दोन धड पाने उरली होती. ती एक पट्टी धरून मादी म्हणून टाकण्याचा मोह झाला. अठराऐवजी एकोणीस म्हणायला किती बरे वाटले असते! मी फोनवर काकांना सांगितले, "एकतिसाव्या रोपाचं मला सांगता येत नाही." ते म्हणाले, "बरं. ते विहिरीपाशी लावतो. माझ्या डोळ्यांसमोर राहील."

वीस जागांत त्यांनी अठरा माद्या लावल्या, ते एक विहिरीपाशी आणि एक चांगला वाढलेला नर, कारण बांधावरचे नर म्हातारे होत चालले होते. काही नर शेजाऱ्यांनी परागासाठी नेले. उरलेले कुंपणाबाहेर लावले. पाण्याशिवाय जगले तर जगले.

ही गोष्ट सांगितली की पुष्कळ जण विचारतात, मग प्रत्येक पिकाला अशी तपासणी का करत नाहीत? त्याची दोन उत्तरे आहेत. एक, प्रत्येक पिकाची खूण वेगळी शोधावी लागते. पपईची खूण खजुराला चालत नाही. दोघांनीही नर-मादी भेद आपापल्या वाटेने, स्वतंत्रपणे घडवला आहे. दुसरे उत्तर आमच्या गोव्यातल्या वाचकांना ठाऊक असेल. कुळागरात कोकमाचे किंवा जायफळाचे बी रुजवले तर तोच प्रश्न येतो: निम्मे नर, आणि कळायला सहा-सात वर्षे. तरी तिथे तपासणीवाचून चालते, कारण कलम आहे. फळणाऱ्या मादीची काडी रोपावर बांधली की वर वाढणारे झाड मादीच. नर निघालेल्या मोठ्या जायफळावरही मादीची काडी चढवता येते. जिथे पिल्लू, कलम किंवा टिश्यू कल्चर हाताशी आहे तिथे डीएनएला विचारायची गरज नाही. जिथे बी हाच एक रस्ता उरतो, जसे पपई, किंवा नवी जात शोधणारे संशोधक, किंवा काकांचे ते बिननावाचे झाड, तिथे ही खूण वर्षे वाचवते.

आणि ती वर्षेच वाचवते, चव देत नाही. हे काकांना मी न सांगताही माहीत होते. बियांपासून आलेली मुलगी आईसारखी गोड निघेलच असे नाही. बापाचाही वाटा असतो. कच्छच्या जुन्या वाड्यांत झाडागणिक फळाचा रंग, आकार, गोडी बदलते ती यामुळेच. बियांपासून लावत आल्यामुळे तिथे जवळजवळ प्रत्येक झाड वेगळे. मादी आहे एवढे मी सांगितले होते. ती कशी आहे, हे तिने फळल्यावरच सांगायचे होते.

या फेब्रुवारीत मैत्रिणीने फोटो पाठवले. अठरांपैकी दोन रोपे मधल्या एका उन्हाळ्यात गेली. उरलेल्या सोळांपैकी अकरा फुलली आहेत. अकराही माद्या. फोटो उघडण्याआधी माझा हात थांबला होता, हे कबूल करते. पाच अजून फुलायची आहेत, त्यामुळे मी पूर्ण बरोबर होते असे आजही म्हणणार नाही. जुलैत काकांनी एका डब्यातून खारेक पाठवली, अकरा झाडांची अकरा पुड्यांत, प्रत्येकीवर आकडा. चाखून मी फोन केला. "एक आईच्या जवळ जाते," मी म्हटले. "नऊ नंबर," ते लगेच म्हणाले. "बाकीच्या ठीक आहेत. नऊला बुंध्याशी दोन पिल्लंही फुटलीत."

जुन्या झाडाची चव आता त्या दोन पिल्लांतून पुढे जाईल, आणि त्यांना कोणाला काही विचारावे लागणार नाही.

विहिरीपाशी लावलेले एकतिसावे अजून फुललेले नाही. मध्यंतरी मी काकांना म्हटले की आता त्याला भरपूर पाने आहेत, एक पाठवा, नीट तपासून सांगते. ते म्हणाले, "राहू दे. सात वर्षं थांबलो, आता एक-दोन वर्षांत तेच सांगेल."